शिवेपर्यंतचा माग

दिवाळीत घरोघरी आकाशकंदील चढू लागले, की मला आधी आठवतो तो रॉकेलचा कंदील. काजळीने काच काळवंडलेला, आईच्या हातात हेलकावे खाणारा. त्या गोष्टीला आता सत्तर वर्षे होत आली.

आमचे गाव मुळशी तालुक्यातले, पौड खोऱ्यातले. वसुबारसेची संध्याकाळ होती. आंबेमोहराची कापणी सुरू झालेली. मोकळ्या झालेल्या खाचरांतून अजून पायाचे ठसे उमटण्याइतकी ओल होती. आईने गाय-वासराच्या पूजेचे ताट केले होते. गाय गोठ्यात उभी होती, पण वासरू कुठेतरी भरकटले होते. त्याला शोधायला म्हणून माझा पाच वर्षांचा धाकटा भाऊ कोणाला न सांगता निघाला. दिवेलागणीला वासरू आपल्या पायांनी परत आले. भाऊ आला नाही.

मग सारे गाव उठले. कोणी ओढ्याकडे धावले, कोणी विहिरीत डोकावून आले. हाका डोंगरावर आपटून परत येत होत्या. त्या गडबडीत गावचे म्हातारे रामोशीबाबा आमच्या अंगणात आले आणि त्यांनी पहिली गोष्ट केली ती ही, की सगळ्यांना गप्प केले. "आरडू नका, आन् तुडवू तर मुळीच नका," ते म्हणाले. ओटीपुढच्या ओल्या मातीत भावाचे एक पाऊल चांगले उमटलेले होते. त्यावर कंदील धरवून त्यांनी भाताची एक काडी उचलली, पावलाशी लावली आणि टाचेपासून अंगठ्यापर्यंतच्या मापाची मोडून घेतली. ती काडी हातात धरून ते निघाले. मागे कंदील घेतलेली आई आणि तिचा पदर धरून मी.

ते बांधाबांधाने गेले. जागोजाग वाकत, काडी ठशाला लावून पाहत, आणि "हाय" एवढाच शब्द बोलत. एका ओहोळापाशी ते थांबले. पलीकडे दुसऱ्या गावाची शीव लागत होती. ठसे पलीकडे गेलेले दिसत होते, पण बाबा पाणी ओलांडून गेले नाहीत. तोंडाशी हात धरून त्यांनी एक लांब हाक घातली. बऱ्याच वेळाने पलीकडून एक माणूस आला. बाबांनी ती काडी त्याच्या हातावर ठेवली. "माग तुझ्या शिवंत आलाय. लेकराचा हाय. आता तू बघ," ते म्हणाले, आणि मग मात्र त्याच्यामागोमाग तेही ओहोळात उतरले.

भाऊ सापडला तो त्या गावच्या एका खळ्यावर, खोपीत राखणीला बसलेल्या एका म्हातारीच्या मांडीवर. दूधभात खाऊन झोपला होता. आईने त्याला आधी एक धपाटा घातला आणि मग जे उराशी धरले ते घरी येईपर्यंत खाली ठेवले नाही. ती काडी तिने मागून घेतली. ती आमच्या देव्हाऱ्यात कितीतरी वर्षे होती.

पुढे मी इतिहास शिकवू लागलो, आणि पेशवाईच्या अखेरीचे कागद वाचताना ती काडी मला पुन्हा भेटली. पेशव्यांचा मुलूख कंपनी सरकारच्या हाती आल्यावर १८१९ साली माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन याने त्या मुलखाविषयी एक विस्तृत अहवाल लिहिला. गावाच्या बंदोबस्ताची रीत त्यात नोंदलेली आहे. चोरी झाली की गावच्या जागल्याने माग काढायचा. माग दुसऱ्या गावाच्या शिवेत शिरला, की तो त्या गावच्या जागल्याच्या हवाली करायचा. त्याने तो पुढच्या शिवेपर्यंत न्यायचा. जिथे माग हरवेल, त्या गावाने माल भरून द्यायचा. या रीतीतली मेख अशी, की माग मधेच कोणाचाच नसतो असे होत नसे. कोणत्याही घटकेला तो कोणत्या तरी एका गावच्या गळ्यात असे, आणि ते गाव त्याला जबाबदार असे.

ही रीत निर्दोष होती असे मी म्हणणार नाही. दंड भरण्यावरून गावागावांत तंटे होत. कंपनीच्या अमलात रामोशांचे राखणीचे हक्क आणि उत्पन्ने जाऊ लागली, तेव्हा त्यांतले कित्येक बंडात उतरले. त्यांचे पुढारी उमाजी नाईक यांना ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी झाली. राखणदाराच्या हातातून राखण काढून घेतली, आणि मग त्यालाच दरोडेखोर ठरवले.

पण मला अडखळवले ते दुसऱ्याच गोष्टीने. ही सारी रीत होती ती ढोरांसाठी, धान्यासाठी, दागिन्यांसाठी. आमच्या रामोशीबाबांनी ती एका लेकरासाठी वापरली, हे त्यांचे मन. नियमात लेकरू नव्हते.

वाचकहो, आपल्या इतिहासात माग काढणारे काही कमी नव्हते. बहिर्जी नाईकांचे नाव शाळेतल्या मुलाला ठाऊक असते. मुंबईत चार्ल्स फोर्जेट नावाचा एक पोलीस अधिकारी होऊन गेला. हिंदुस्थानातच जन्मलेला, इथल्या भाषा इथल्या माणसासारख्या बोलणारा, वेष पालटून वस्त्यांतून हिंडणारा. १८५७ साली ऐन दिवाळीत मुंबईतल्या शिपायांचा उठाव व्हायचा होता. तो त्याने आधीच हेरला, आणि ऑक्टोबर महिन्यात दोघा शिपायांना मैदानावर तोफेच्या तोंडी दिले गेले. असे हे हेर. कोणी स्वराज्यासाठी राबले, कोणी परराज्यासाठी. पण राज्य हेर ठेवते ते आपल्या शत्रूचा माग काढायला. आईचे हरवलेले मूल शोधायला कोणत्या राज्याने हेर ठेवला होता?

राजघराण्यातल्या आईचीही फारशी वेगळी गत नव्हती. १६८९ च्या नोव्हेंबरात रायगड मोगलांच्या हाती गेला. येसूबाई आणि त्यांचा मुलगा शाहू कैद झाले. शाहू तेव्हा सात वर्षांचा होता. पुढे औरंगजेब वारल्यावर १७०७ साली शाहूची सुटका झाली. आईला मात्र मोगलांनी ओलीस म्हणून ठेवून घेतले. पंचवीस वर्षांचा तो तरुण स्वदेशी आला, तेव्हा ताराबाईंच्या पक्षाने त्याला तोतया म्हटले. लहानपणी गेलेला मुलगा हाच कशावरून? पुरावा कोणता? अशा वेळी परसोजी भोसले त्याच्याबरोबर एका ताटात जेवले, आणि राजा खरा अशी लोकांची खात्री पटली, असे सांगतात. मुलाला आईच्या डोळ्यांनी ओळखायचे, तर आई दूर कैदेत होती. बाळाजी विश्वनाथ फौजेसह दिल्लीला गेले, तिथल्या दंगलीत मराठ्यांचे कित्येक लोक कापले गेले, तेव्हा कुठे १७१९ साली येसूबाई साताऱ्याला परत आल्या. रायगड पडल्याला तेव्हा तीस वर्षे होत आली होती. इतिहासाची पुस्तके त्या स्वारीतून मिळालेल्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदांवर पाने भरतात. मायलेकरांच्या भेटीला एक ओळ मिळते.

एका मायलेकरांसाठी सारे राज्य आणि फौज लागली. मग ज्या आईपाशी राज्य नाही आणि फौज नाही, तिने काय करावे?

आमच्या खोऱ्यात आणखी एक गोष्ट घडून गेलेली होती. मुळा नदीवर टाटांचे धरण बांधायचे ठरले. १९२१ च्या रामनवमीला शेतकऱ्यांनी सत्याग्रह मांडला. सेनापती बापट त्याचे पुढारी झाले. सत्याग्रह मोडला, धरण झाले, आणि सुमारे ५० गावांची जमीन पाण्याखाली गेली. माणसे पांगली, कित्येक घरे पुण्या-मुंबईच्या चाळींत जाऊन पडली. जमीन गेली हे सर्वांना दिसले. शिवा गेल्या हे कोणाच्या ध्यानात आले नाही. दोन गावांच्या मधला ओहोळच बुडाला, मग काडी कोणाच्या हातावर ठेवायची? जो मनुष्य खोऱ्यातून शहरात गेला, तो जिथे शीवच नाही अशा ठिकाणी गेला. तिथे हजारो घरांचे दरवाजे एकमेकांना लागून असतात, आणि माग कोणाच्याच दारात संपत नाही.

अशा शिव नसलेल्या शहरातली एक हकीकत मला सांगायची आहे. तीत आई आहे, हरवलेले लेकरू आहे आणि माग काढणारा पोलीसही आहे. आम्ही तरुणपणी बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा चोरून वाचल्या. हजाराहून अधिक पुस्तके लिहिणारा तो लेखक! त्यांचा झुंजार नाहीतर काळापहाड शंभर पानांत गुन्हेगाराच्या मुसक्या बांधी. ही हकीकत साडेनऊ वर्षे चालली, आणि खरी आहे.

मुंबईत अंधेरीला डी. एन. नगर पोलीस ठाणे आहे. तिथे राजेंद्र धोंडू भोसले हे सहायक उपनिरीक्षक हरवलेल्या माणसांचे काम पाहत. २००८ ते २०१५ या काळात त्या ठाण्याच्या हद्दीतून १६६ मुली हरवल्याची नोंद झाली. भोसले आणि त्यांचे सहकारी यांनी त्यांतल्या १६५ शोधून काढल्या. राहिली एक. वर्तमानपत्रांत ती 'मुलगी क्रमांक १६६' म्हणून ओळखली जाऊ लागली. तिचे नाव मी इथे लिहीत नाही. तिला आता आपले आयुष्य नव्याने उभारायचे आहे.

२२ जानेवारी २०१३ रोजी सकाळी ती शाळेला निघाली आणि परत आली नाही. वय वर्षे सात. रायगडावरून नेलेल्या शाहूचे होते तेवढेच.

भोसल्यांनी काय केले? रहस्यकथेत शोभेल असे काही नाही. रुग्णालये पाहिली, स्टेशने पाहिली, शेजारीपाजारी पुन्हा पुन्हा विचारले. मुलीचा फोटो खिशात बाळगला. कोणी भेटले की दाखवला. दिवस गेले, वर्षे गेली. २०१५ साली ते सेवानिवृत्त झाले. सरकारी माणूस सेवानिवृत्त झाला की त्याच्या टेबलावरचे कागद दुसऱ्याच्या टेबलावर जातात. फोटो मात्र त्यांच्या खिशातून गेला नाही. अंगावर खाकी नसतानाही ते त्या कुटुंबाच्या दारी जात राहिले, विचारपूस करीत राहिले, अनोळखी लोकांना फोटो दाखवत राहिले. पोलीस सेवानिवृत्त होतो, माणुसकी होत नाही, अशा अर्थाचे काहीसे ते बोलले होते.

पण हे गृहस्थ पेन्शनीतले दिवस काढत असताना मुलगी होती कुठे? पोलिसांच्या तपासातून पुढे जे आले ते असे. मूलबाळ नसलेल्या एका जोडप्यातल्या पुरुषाने तिला शाळेजवळून खाऊचे आमिष दाखवून नेले. वर्तमानपत्रांत आणि वस्तीत बोभाटा झाला तसा तो घाबरला, आणि तिला कर्नाटकात रायचूरला वसतिगृहात ठेवले. पुढे त्या जोडप्याला स्वतःचे मूल झाले. दोघांचा खर्च झेपेना, म्हणून मुलीला परत आणले आणि मूल सांभाळायच्या कामाला लावले. बिऱ्हाड केले तेही अंधेरीच्या परिसरातच. तिच्या आईच्या घरापासून जेमतेम पाचशे मीटरवर! इतक्या वर्षांनी तिला कोण ओळखणार, हा त्यांचा हिशोब.

पाचशे मीटर म्हणजे आमच्या गावात देवळापासून ओढ्यापर्यंतचे अंतर. त्या अंतरात एक आई होती आणि एक लेक होती. दोघी एकाच बाजारातला भाजीपाला खात असतील, एकाच पावसात भिजत असतील. मधे शीव नव्हती, म्हणून राखणदारही नव्हता.

माग लागला तो २०२२ साली, आणि लावला तो एका मोलकरणीने. मुलगी ज्या घरी मूल सांभाळायला जाई, तिथेच ही बाई कामाला होती. एकदा मुलगी बोलून गेली, की ज्यांच्याकडे मी राहते ते माझे खरे आईबाप नव्हेत. पुष्कळांनी हे ऐकून पोरवय म्हणून सोडून दिले असते. या बाईने सोडले नाही. मोबाइलवर मुलीचे नाव घालून, २०१३ साली हरवलेली मुलगी म्हणून शोध घेतला. जुन्या बातम्या निघाल्या. वस्तीतल्या लोकांनी त्या वेळी लावलेले पत्रक निघाले. त्यावर मुलीचा फोटो होता, आणि खाली पाच दूरध्वनी क्रमांक होते.

चार क्रमांक लागत नव्हते. नऊ वर्षांत माणसे क्रमांक बदलतात, त्यात दोष कोणाचा? पाचवा लागला. तो एका शेजाऱ्याचा होता. त्याने आधी विश्वास ठेवला नाही. याआधीही असे फोन येऊन गेले होते. मग मुलीचे चित्र मागवले, पडद्यावर बोलणे झाले, आईने पाहिले आणि तिथेच शोध संपला. ताटात एकत्र जेवून साक्ष देणारा कोणी परसोजी लागला नाही. ४ ऑगस्ट २०२२ च्या रात्री सोळा वर्षांची ती मुलगी आपल्या घरच्यांना भेटली. त्या वेळी तिचे वडील हयात नव्हते. काही महिने अगोदर ते वारले होते. पोलिसांनी त्या पुरुषाला अटक केली. आणि १६६ चा आकडा ज्यांनी मनात उघडा ठेवला होता, त्या सेवानिवृत्त भोसल्यांपर्यंत ती वार्ता गेली.

आता विचारावेसे वाटते, की मुलीला शोधले कोणी? पोलीस म्हणतील आम्ही, वर्तमानपत्रे म्हणतील आम्ही. मला त्यात तो रामोशीबाबांचा ओहोळ दिसतो. आईने माग सोडला नाही आणि तो पोलिसाच्या हातावर ठेवला. पोलिसाने तो आपल्या नोकरीच्या शिवेपर्यंत नेला, आणि शिवेवर न थांबता पुढेही चालत राहिला. शेजाऱ्यांनी पत्रकावर आपले क्रमांक घातले, आणि एकाने तो क्रमांक जपला. कामवालीने तो माग अखेर दारापर्यंत आणला. त्यांतला कोणीही अर्नाळकरांच्या नायकासारखा बुद्धिमान असायची गरज नव्हती. गरज एवढीच होती, की ज्याच्या शिवेत माग आला त्याने तो खाली टाकू नये. कोणत्या पाटलाने हुकूम केला नव्हता, माग हरवला तर दंड बसणार नव्हता. जी रीत पूर्वी ढोरांसाठी सक्तीची होती, ती या माणसांनी एका लेकरासाठी आपखुशीने पाळली.

ही आपखुशी फार मोठी गोष्ट आहे. पण तिच्यावर विसंबून राहू नये, असे इतिहासाच्या शिक्षकाला वाटते. १६५ मुली सापडल्या त्या ठाण्यात भोसले होते म्हणून. जिथे भोसले नसतील तिथे काय? कायद्याने या बाबतीत पाऊल टाकले ते फार उशिरा. मुंबईतच १९९६ साली मुलांसाठी १०९८ हा मदतीचा क्रमांक सुरू झाला आणि मग देशभर पसरला. मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवून तपास केलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने बजावले ते १० मे २०१३ रोजी. आमच्या हकीकतीतली मुलगी हरवून तेव्हा साडेतीन महिने झाले होते. म्हणजे वासराच्या मागासाठी गावाला जबाबदार धरणारी रीत दोनशे वर्षांपूर्वी कागदावर नोंदली गेली होती, आणि लेकराच्या मागासाठी ठाण्याला जबाबदार धरणारा निवाडा काल-परवाचा आहे.

माझा भाऊ आता पंचाहत्तरीच्या घरात आहे. दरवर्षी वसुबारसेला तो गावी येतो. रामोशीबाबांना जाऊन जमाना लोटला. आई असेपर्यंत त्या दिवशी एक गोष्ट चुकवीत नसे. गाय-वासराची पूजा झाली, की ओटीवर उभी राहून ती घरातल्या, शेजारच्या, कामाला आलेल्या माणसांच्याही पोरांची डोकी मोजी. एखादे कमी भरले की ताट तसेच ठेवून बाहेर पडे. "सगळी आली का?" हे तिचे वाक्य आम्हा भावंडांच्या थट्टेचा विषय होते. आता ते मी म्हणतो आणि माझी नातवंडे हसतात.

यंदा फराळाला बसण्यापूर्वी आपणही आपल्या घरची मोजदाद करा. घरातल्या चिमुरड्यांना आईबापांचे पूर्ण नाव, पत्ता आणि एक दूरध्वनी क्रमांक पाठ करवा. ओव्या-श्लोक पाठ करवतो तसा. आणि शेजारच्या घरी मूल सांभाळायला आलेली एखादी पोर काही सांगू लागली, तर हातातले काम क्षणभर बाजूला ठेवून तिचे ऐकून घ्या.

आईच्या देव्हाऱ्यातली ती काडी पुढे कधीतरी भुगा होऊन गेली. भाताचीच ती, किती टिकणार? पण तिचे माप माझ्या बोटांना अजून आठवते. माझ्या त्या वेळच्या करंगळीपासून अंगठ्यापर्यंतच्या वितीएवढी ती काडी होती.